शनिवार, दुपारी तीन

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लालबागच्या घरात बसून हिवाळ्यात रात्री साडेआठला प्रीमियर लीगचा जो सामना मी पाहतो, तो ज्या गावात चालू असतो त्याच गावातल्या माणसाला घरबसल्या दिसत नाही. त्याने रेडिओ लावायचा, नाहीतर उठून मैदानावर जायचं. जगभर विकला जाणारा खेळ आपल्याच दारात झाकून ठेवायचा म्हणजे यामागे कुणाचा तरी हट्ट असणार. त्या हट्टाचा माग काढत गेलं की आपण लँकेशरमधल्या बर्नली या छोट्या गिरणगावात पोचतो.

बॉब लॉर्ड हा तिथला खाटीक. मटणाच्या दुकानांवर पैसा कमावला आणि १९५५ मध्ये बर्नली फुटबॉल क्लबचा अध्यक्ष झाला. टीव्हीवर सामना दिसू लागला तर लोक मैदानावर येणार नाहीत आणि लहान गावांचे क्लब मरतील, असं तो ठासून सांगे. त्याने बीबीसीचे कॅमेरे आपल्या मैदानात येऊ दिले नाहीत. साठच्या दशकात शनिवार दुपारची ही बंदी आली, तिचं श्रेय बहुतेक त्यालाच दिलं जातं. माणूस एककल्ली होता. टीव्हीच्या ज्यू मालकांविषयी त्याने जाहीर भाषणात काढलेले उद्गार निषेधार्हच होते, ते विसरून त्याचं कौतुक करता येणार नाही. पण लहान गावाच्या मैदानाबद्दल त्याला वाटणारी भीती खरी होती, असं मला मनापासून वाटतं.

माझा चाळीतला मित्र बरीच वर्षं मँचेस्टरला आहे. त्याच्याकडे गेलो की ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर जायचं, हे मी मनात धरलंच होतं. तो म्हणाला, "ते तू लहानपणापासून टीव्हीवर बघतोयस. माझ्याबरोबर बर्नलीला चल. आपल्यासारख्यांचं गाव आहे ते." आमचे दोघांचेही वडील गिरणीत, साचेखात्यात. त्यामुळे "आपल्यासारखे" म्हणजे काय, ते त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून गाडी निघते, रॉचडेलवरून टॉडमॉर्डनला जाते आणि तिथे वळण घेऊन डोंगरात शिरते. टॉडमॉर्डनचं हे वळण कित्येक दशकं बंद होतं, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालं. डबा क्लॅरेट, म्हणजे गडद लाल, आणि निळ्या मफलरींनी भरत गेला. बर्नलीने हे रंग १९१० मध्ये घेतले, ॲस्टन व्हिलाचे बघून. खिडकीबाहेर ओली कुरणं, दगड रचून घातलेली कुंपणं, मेंढ्या, आणि मधूनच एखादं विटांचं धुरांडं. मित्र एकेक धुरांडं बोटाने दाखवत होता. मला आठवत होतं ते लहानपणीचं परळ. तिथल्या धुरांड्यांच्या जागी आता टॉवर आहेत.

पहिल्या महायुद्धाआधी जगातल्या कुठल्याही गावापेक्षा जास्त माग बर्नलीत होते असं सांगतात. तिथल्या कापडाचं मोठं गिऱ्हाईक होतो आपण. लँकेशरच्या कापडाने आपल्या विणकरांची भाकरी काढून घेतली, हे शाळेतच शिकलो होतो. विलायती कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू गेला तो १२ डिसेंबर १९३० रोजी, आणि तोही गिरणी कामगारच. पुढच्याच वर्षी, १९३१ च्या सप्टेंबरात, गांधीजी लँकेशरला आले. बहिष्कारामुळे ज्यांचे माग थांबले होते त्या कामगारांनीच डार्वेनमध्ये त्यांना गराडा घातला. त्या भेटीच्या फोटोतले बायकांचे हसरे चेहरे मी पुष्कळदा पाहिले आहेत. आमच्या वडिलांचे मालक आणि त्या बायकांचे मालक एकमेकांचे स्पर्धक होते. पण माग सगळीकडे सारखाच कानठळ्या बसवतो. लँकेशरच्या विणकर बायका त्या आवाजात ओठांच्या हालचालींवरून बोलत. आमचे वडील घरीसुद्धा हातवाऱ्यांनी बोलायचे. बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल ही वाफेवर चालणारी विणाईची गिरणी १९८२ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. त्या गिरणीचं वाफेचं इंजिन तिथल्या लोकांनी संग्रहालयात जपलं आहे, त्याचं नाव 'पीस'. आमच्या वडिलांच्या गिरणीतलं काय जपलं गेलं, असं मित्राने विचारलं तेव्हा मला काही सांगता आलं नाही.

शनिवार दुपारी तीनची वेळही गिरणीतूनच आली. १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांत बायका आणि अल्पवयीन मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्यावाचून गिरणी चालणार कशी? यंत्रंच थांबली आणि पुरुषही सुटले. घरी जायचं, दोन घास खायचे आणि मैदान गाठायचं. १८८८ मध्ये बारा क्लबांची पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. त्यातले निम्मे, म्हणजे ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन, एकट्या लँकेशरचे. त्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करत होते, सभा घेत होते. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. गंमत नव्हे, पण इतिहासाचा एक पीळ इथे आहे. हिंदुस्थानातल्या गिरण्यांनाही कारखाना कायदा लावा, असा आग्रह लँकेशरचे मालक धरत होते, कारण मुंबईचं स्वस्त कापड त्यांना जड जात होतं. त्यांचा स्वार्थ आणि लोखंड्यांची कळकळ यांत मला फरक करायचाच आहे. एकाने हिशोब केला, दुसऱ्याने आयुष्य घातलं. आमच्या गिरणगावातली कबड्डीची मंडळं आणि भजनी मंडळं रविवारच्या त्या मोकळ्या वेळेवर वाढली. बर्नलीकरांनी आपल्या शनिवारी फुटबॉल वाढवला. कष्टाने मिळवलेल्या दुपारचा माणसं काय उपयोग करतात, त्यावरून मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटू लागते.

टर्फ मूर हे मैदान गावातच आहे. बाजारपेठेतून चालत निघायचं, कालव्याखालून जाणारा रस्ता धरायचा आणि गर्दीबरोबर हॅरी पॉट्स वेवर यायचं. १८८३ पासून बर्नली इथेच खेळते. ज्याचं नाव रस्त्याला दिलं तो पॉट्स हा १९६० मध्ये लीगचा विजेता ठरलेल्या संघाचा व्यवस्थापक. जेमतेम ऐंशी हजार वस्तीचं गाव तेव्हा साऱ्या इंग्लंडवर भारी पडलं. विशेष म्हणजे अख्ख्या मोसमात संघ तक्त्यात पहिला आला तो शेवटचा सामना जिंकल्यावरच. १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला वीस पौंडांची मर्यादा उठली. ती उठणं न्याय्यच होतं, कामगाराला त्याच्या कसबाचे पैसे मिळायलाच हवेत. पण त्यानंतर मोठ्या शहरांशी बरोबरी करणं गावांना कठीण होत गेलं. न्यायाचीही किंमत कुणीतरी मोजतं, आणि ती बर्नलीसारख्यांनी मोजली.

आमच्या शेजारी एक वयस्क बाई होत्या. त्यांच्या हातातल्या कागदी पेल्यात बेनेडिक्टीन आणि गरम पाणी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या ईस्ट लँकेशर रेजिमेंटच्या सैनिकांना या मद्याची चव लागली आणि त्यांनी ती घरी आणली. ती आजही टर्फ मूरवर टिकून आहे. महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे पुण्याजवळचे?" शेजारचा ब्लॅकबर्न रोव्हर्स २०१० मध्ये पुण्याच्या व्हेंकीजने विकत घेतला, त्यामुळे पुणे इथे सगळ्यांना ठाऊक. ब्लॅकबर्न म्हणजे बर्नलीचा हाडवैरी. तरी त्या क्लबच्या घसरणीबद्दल बोलताना बाईंचा सूर हळवा झाला होता. मालक दूर देशी असला की गावाचं दुःख त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मला ते गिरणी मालकांबद्दलही लागू वाटलं.

सामना सुरू झाला. २०२४–२५ चा तो मोसम, बर्नली तेव्हा दुसऱ्या श्रेणीत. ४६ सामन्यांत या संघाने फक्त १६ गोल खाल्ले, आणि ते कसं साधतं हे टीव्हीवर कधीच कळलं नसतं. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. मैदानात बसलं की नजर आपली आपण फिरवता येते. मी चेंडू सोडला आणि एस्टेव्ह, इगन-रायली या बर्नलीच्या बचावपटूंकडे बघत राहिलो. चेंडू पन्नास पावलं लांब असताना ते दोघं चालत, थांबत, हाताने इशारे करत असतात. पाहुण्या संघाचा बचावपटू मान खाली घालून लांब मारायला पाय उचलतो, त्याच क्षणी अख्खी रांग तीन पावलं पुढे येते. पुढे उभा असलेला प्रतिस्पर्धी ऑफसाइड होतो. त्याच्याकडे चेंडू पोचेपर्यंत त्याची संधी संपलेली असते. मागून गोलरक्षक ट्रॅफर्ड सतत ओरडत असतो. दिंडीत वीणेकऱ्याची चाल साऱ्यांच्या पायात येते, तशी त्याच्या आवाजाने ती रांग हलते. मित्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ, काही घडू न देणं हेच यांचं काम." साचेखात्यात धागा तुटू न देण्यासाठी आठ आठ तास उभे राहणारे वडील आम्हा दोघांनाही त्या वेळी आठवले असणार. आम्ही ते बोललो नाही. आजूबाजूची माणसं चांगल्या बचावाला टाळ्या वाजवत होती. एका साध्या अडवणुकीसाठी हजारो माणसं उभी राहिलेली मी त्या दिवशी पाहिली, आणि जाणकार प्रेक्षक हीसुद्धा गावाने पिढ्यान्पिढ्या जमवलेली संपत्ती असते, हे मला पटलं.

उत्तरार्धात डाव्या बाजूने एकदा फट पडली. गोल वाचला, पण चूक कुणाची यावर आमचं जमेना. परतीच्या गाडीत उभ्याने, मराठीत, चढ्या आवाजात वाद सुरू. मित्राने माझी चार बोटं सरळ धरली, म्हणजे ती बचावाची रांग. आपला अंगठा त्याने आक्रमक म्हणून मधून घुसवला. मी बोटं मागेपुढे करत माझी बाजू मांडत होतो. समोर क्लॅरेट मफलरवाला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बराच वेळ नुसता बघत होता. त्याला आमचा एक शब्द कळत नव्हता. रॉचडेल यायच्या आत त्याला राहवेना. त्याने पुढे होऊन माझी करंगळी धरली आणि चांगली दोन इंच पुढे ओढली.