ट्रकचा चेहरा आणि छायाचित्राचे वय

दुसऱ्या महायुद्धाची छायाचित्रे चाळताना आपली नजर रणगाड्यांवर आणि विमानांवर खिळते. मागे धुळीत उभ्या असलेल्या ट्रककडे सहसा कोणी पाहत नाही. छायाचित्रावर तारीख नसेल, तर ती सांगण्याचे सामर्थ्य पुष्कळदा त्या ट्रकमध्येच असते. या धाग्यात अशाच एका घराण्याची ओळख करून देतो: ब्रिटिश लष्कराच्या गरजेनुसार कॅनडात घडलेले लष्करी ट्रक.

हे ट्रक फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या कॅनडातील कारखान्यांनी बांधले. बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या या दोन कंपन्यांनी युद्धासाठी जवळजवळ एकच आराखडा स्वीकारला. कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्यांपैकी सुमारे निम्मी या घराण्यातली होती. स्टिअरिंग उजवीकडे आणि नाक बसके, ही त्यांची खूण.

नाक बसके का? जहाजात जागा मोजून मिळे. ट्रकची लांबी कमी झाली, तर एका फेरीत अधिक ट्रक जात. शिवाय केबिन आखूड असली की मागे मालाला अधिक जागा उरे. म्हणून इंजिन मागे रेटून केबिनमध्ये घुसवले गेले. याची किंमत चालकाने मोजली. त्याचे पाय अडचणीत सापडत आणि इंजिनाची धग थेट त्याच्या अंगावर येई.

या केबिनचे तीन प्रमुख प्रकार: अकरा, बारा आणि तेरा. अकरा आणि बारा दिसायला सख्ख्या बहिणी. फरक मुख्यतः बॉनेटचा. बाराव्या प्रकारात ते मगरीच्या जबड्यासारखे वर उघडू लागले. तेरावी केबिन मात्र दुरूनही ओळखू येते. तिची पुढची काच उलटी कललेली आहे: वरची कड पुढे, खालची मागे. काचेवर पडलेले ऊन आकाशाकडे न जाता जमिनीकडे परतावे आणि ती चमक शत्रूच्या वैमानिकाला दिसू नये, हा त्यामागचा हेतू. ही केबिन १९४१ च्या अखेरीस आली आणि १९४५ पर्यंत टिकली.

आता सांकेतिक क्रमांक. ‘सी ६०एल’ हे उदाहरण घ्या. ‘सी’ म्हणजे शेव्हरोले; फोर्डच्या ट्रकला ‘एफ’. ६० म्हणजे साठ हंड्रेडवेट, अर्थात तीन टन भार. शेवटचा ‘एल’ म्हणजे लांब चाकांतर, १५८ इंच. आखूड, म्हणजे १३४ इंचांच्या ट्रकला ‘एस’. ‘सी १५’ हा त्याच हिशेबाने पाऊण टनाचा.

बॉनेटवर रंगवलेला क्रमांक वेगळा. तो लष्कराच्या नोंदवहीतला. तिथे ‘एल’ म्हणजे लॉरी, ‘झेड’ म्हणजे पाऊण टनापर्यंतचा हलका ट्रक, ‘एम’ म्हणजे मोटारगाडी. कॅनडाच्या सैन्यातील वाहनांना या अक्षराआधी ‘सी’ लागे. म्हणजे एका ठिकाणी ‘सी’ शेव्हरोले, दुसऱ्या ठिकाणी कॅनडा. एका ठिकाणी ‘एल’ लांब, दुसऱ्या ठिकाणी लॉरी. अक्षर वाचण्याआधी ते कुठे लिहिले आहे, हे पाहावे लागते.

ही विद्या मी छंद म्हणून शिकलो. ती एके दिवशी घरात उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. आमचे आजोबा रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चालक होते. त्यांचे परदेशातले एकच छायाचित्र घरात आहे: मागे वाळू, शेजारी ट्रक आणि बॉनेटवर ‘एल’ने सुरू होणारा पुसट क्रमांक. हे छायाचित्र केरनच्या लढाईतले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. इरिट्रियातील ती लढाई १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमधली. मराठा पलटणींनी तिथे पराक्रम गाजवला. आजोबा त्यानंतर लवकरच परतले, अशीही आमच्याकडची समजूत.

परंतु छायाचित्रातल्या ट्रकची काच उलटी कललेली आहे. ती तेरावी केबिन आहे. केरनच्या वेळी ती अस्तित्वातच नव्हती.

ऐंशी ओलांडलेल्या आत्याला हे सांगावे की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. अखेर सांगितले, आणि पुराव्याची मर्यादाही सांगितली. आजोबा केरनला नव्हते, असे हा ट्रक म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की हे छायाचित्र १९४१ च्या अखेरीपूर्वीचे नाही. आत्या काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दादा तिकडेच होते अजून. मग आई एकटी किती वर्षं होती रे?”

हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. मी लढाईची तारीख तपासत होतो. तिने त्याच तारखेवरून आजीच्या वाट पाहण्याचा काळ मोजायला घेतला. घरातल्या गोष्टीतून एक रणांगण सुटले, पण तिच्यात आजी आली.

या ट्रकांचा आपल्याशी आणखीही संबंध आहे. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून होता. फोर्डची भारतीय शाखाही कॅनडातील फोर्डच्याच अधिपत्याखाली होती. कॅनडातून आलेल्या सांगाड्यांवर टाटांच्या पोलादाचे चिलखत चढवून भारतात साडेचार हजारांहून अधिक चिलखती गाड्या बांधल्या गेल्या. सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणत.

तुमच्या घरी असे छायाचित्र असेल, तर आधी काचेचा कल पाहा, मग बॉनेटवरचे अक्षर, मग मडगार्डवरचे चिन्ह. केबिन ‘याआधी नाही’ एवढेच सांगते, हेही लक्षात ठेवा. आणि छायाचित्राची तारीख बदललीच, तर त्या काळात घरी मागे कोण राहिले होते, हेही विचारा. त्यांची नोंद कोणत्याही बॉनेटवर नसते.