चाळीसच्या पुढे

आमच्या एक्सएलचा काटा चाळीसच्या पुढे गेलेला मी बारावीपर्यंत पाहिला नव्हता. नान्ना मागची सीट काढायचे, तिथं चादरींचा गठ्ठा ठेवायचे, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधायचे आणि मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागायचे. (सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्यासारख्या तेलुगू घरांत वडिलांना नान्ना म्हणतात.) आठवडाभर जेकार्डच्या मागावर काम आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या बाजारात चादरी विकणं, असं त्यांचं चालायचं. मी कधी कधी पुढे पाय दुमडून बसायचो. बुलेटवाले, ट्रॅव्हल्स, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली, सगळे आम्हाला मागे टाकून जायचे. गल्लीतली पोरं म्हणायची, "चालत जा बे, लवकर पोचशील."

मला वाईट वाटायचं, पण कारण माहीत होतं. गठ्ठा पन्नास किलोचा. एवढं वजन घेऊन बिचारी गाडी पळणार कशी?

ही समजूत ज्वारीच्या कट्ट्यानं मोडली. मी तेव्हा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होतो आणि गाडी नुकतीच माझ्या हातात येऊ लागली होती. मंगळवेढ्याकडच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून आम्ही वर्षाची ज्वारी आणतो. कट्टा पन्नास किलोचा, म्हणजे गठ्ठ्याइतकाच. तो एक्सएलच्या पुढच्या मोकळ्या जागेत, दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला. काटा अठ्ठावन्नवर गेला. रिकामी गाडी साठ पळायची.

मला आधी वाटलं वारा पाठीमागून असेल. आषाढात आमच्याकडे पश्चिमेचा वारा असतो. जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. म्हणून मग हिवाळ्यात, पहाटे, वारा पडलेला असताना मी त्याच सपाट पट्ट्यावर तिन्ही प्रकार करून बघितले. एकदा रिकामी, एकदा कट्टा, एकदा गठ्ठा. वहीत लिहिलं: 60, 58, 50. एक्सएलच्या काट्यावर कुणी फार विश्वास ठेवू नये, पण फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. वजन तेच आणि स्पीडमध्ये आठचा फरक.

उत्तर वर्गात शिकलेल्या धड्यातच होतं, फक्त ते आमच्या गाडीला लावायचं सुचलं नव्हतं. सपाट रस्त्यावर इंजिनाची ताकद दोनच गोष्टी खातात. एक म्हणजे टायरचं लोळणं. टायर दबतो, पुन्हा फुगतो, त्यात थोडी ताकद जाते आणि ती वजनाच्या प्रमाणात वाढते. पण हा वाटा मुळातच लहान. दुसरी गोष्ट हवा. हवेला वजनाशी काही घेणंदेणं नाही, तिला फक्त तुमची रुंदी-उंची आणि वेग कळतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. एक्सएलकडे अश्वशक्ती जेमतेम सव्वाचार. साठच्या आसपास त्यातली बहुतेक ताकद हवा कापण्यातच संपते. कट्टा पायांच्या आडोशाला खाली बसतो, तो हवेला दिसतच नाही. गठ्ठा मात्र नान्नांच्या दोन्ही खांद्यांबाहेर वीतभर यायचा. म्हणजे आमची गाडी चादरींच्या वजनानं अडत नव्हती. अडत होती ती त्यांच्या रुंदीनं.

वजन आपला खरा हिशेब मागतं ते चढावर. तिथं प्रत्येक किलो वर उचलावा लागतो. मोटारसायकलवाला खालचा गिअर टाकतो, एक्सएलला गिअर एकच. त्यामुळे रेल्वेच्या उड्डाणपुलावर गठ्ठ्यासकट ती अशी कण्हायची की मी उतरून मागून ढकलायचो. हंगामात उसाचे दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर बघा. सपाटीला गाणी लावून मजेत चाललेले असतात, चढ आला की पुढची चाकं उचलतात. आणि मुंबईहून सोलापूरला येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिनं लागतात ती बोरघाटासाठी, पुढच्या सपाटीसाठी नाही. 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झालेली आमची वंदे भारत तोच 37 मीटरला एक मीटरचा चढ मागच्या इंजिनाशिवाय चढते, कारण तिच्या मोटरी निम्म्या डब्यांखाली वाटलेल्या आहेत. हे मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलेलं आहे.

तर, वही घेऊन मी नान्नांकडे गेलो. म्हटलं, "गठ्ठा असला तरी गाडी पन्नास पळते. तुम्ही उगाच चाळीसनं जाता."

ते विडीच्या बंडलाचा कागद सोडवत होते. म्हणाले, "म्हाईत हाय की. मग?"

त्या "मग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी शोधलंही नाही. पुढच्या आषाढीला नान्नांना ताप होता, म्हणून पंढरपूरला गठ्ठा घेऊन मी निघालो. तिऱ्ह्याकडे सीनेच्या पुलाच्या अलीकडे थोडा उतार आहे. काटा बावन्नवर होता आणि मला भारी वाटत होतं. चाळीसेक मीटरवर रस्त्याच्या कडेनं शेळ्या चाललेल्या. त्यातली एक मध्ये आली.

मी दोन्ही ब्रेक आवळले. सगळं वजन मागे असल्यामुळे पुढचं चाक आधीच हलकं झालं होतं, ते घसरलं. गाडी आडवी झाली, गठ्ठा सुटला, माझं मनगट मोडलं. शेळी तिथंच मेली. पोटात पिल्लू होतं.

शेळीवाल्या आजी आधी माझ्याकडे आल्या. "शेळीचं ऱ्हाऊ दे, पोराच्या हाताला बगा," असं त्या जमलेल्या लोकांना सांगत होत्या. मग रस्त्याच्या कडेला बसून रडल्या. नान्ना तापातच कुणाच्या तरी गाडीवर बसून आले. मला काही बोलले नाहीत. चिखल झटकत एकेक चादर वेगळी केली, त्यातल्या चांगल्या बाजूला काढल्या.

प्लास्टर असताना मी डाव्या हातानं वहीत उरलेलं गणित केलं. गाडी, मी आणि गठ्ठा मिळून दोनशे किलोच्या वर. ब्रेक दाबायच्या आधीच्या एका सेकंदात बावन्ननं चौदा मीटर जातात. पुढे लायनर तेवढेच, पकड तेवढीच, थांबवायचं वजन मात्र रिकाम्या गाडीच्या सव्वा पटीपेक्षा जास्त, आणि चाळीसच्या मानानं चाकांतली ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट. माझ्या अंदाजानं चाळीसवर असतो तर बत्तीस मीटरमध्ये थांबलो असतो. बावन्नला एकोणपन्नास लागतात.

पान नान्नांना दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले. "हे आधी लिवलं असतंस तर?" म्हणाले आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं.

ती वही अजून आहे. वर 60, 58, 50. खाली 32, 49. त्याच्या खाली त्यांच्या अक्षरात: शेळी – 14 चादरी, पिल्लू – 4.