नाल्यांची नोंद

२८ सप्टेंबर २०२१. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून वाहून गेली. चौघे गेले. तिथं पैनगंगा नदी नव्हती, नाला होता. तेव्हापासून जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी गेलो की नदीआधी नाले विचारतो.

*

पैनगंगा, वर्धा, अडाण, अरुणावती या नद्या चढतात, पण थोडा वेळ देतात. धरणातून पाणी सोडायचं तर खालच्या गावांना निरोप येतो. नाल्याचा निरोप कोण देणार? काळी माती एकदा तुडुंब भिजली की पुढचा पाऊस जिरवत नाही, सगळा खाली लोटते. दोन फूट वाहतं पाणी जीप उचलतं. पाण्याखालचा रस्ता खचलाय का, हे तर ड्रायव्हरला दिसतच नाही.

*

२२ जुलै २०२३. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं. वायुदलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. अशा वेळी आधी कुणाला हलवायचं ते माहीत हवं. अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस भरलेली बाई कोणत्या घरात, उंचावरची जागा कोणती, हे तांड्यात नायकाला तोंडपाठ असतं. ते कागदावर उतरवून घ्यायला एक दुपार पुरते.

*

२४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की महसूल मंडळात अतिवृष्टी. हा पाऊस रात्रभर रिपरिपला की तासाभरात कोसळला, आकडा तोच. पर्जन्यमापक मंडळाला एक, गावं कितीतरी. मापकाजवळ भुरभुर आणि पलीकडे शिवार खरडून गेलेलं, असंही होतं. पंचनाम्याला हा आकडा लागतो. नाल्याचा धोका त्यात मावत नाही.

*

वीज. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप चांगलं आहे, मोबाईलमध्ये असावंच. पण निंदणाला गेलेल्या बायांचे फोन घरी, नाहीतर धुऱ्यावर पिशवीत. वीज चमकल्यावर तीस मोजायच्या आत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. हे फोनाविना कळतं. कळूनही बाया थांबतात, कारण रोजी बुडते. 'एवढी पात काढू अन् निघू.' वीज कडाडली म्हणून काम थांबलं तर रोजी कापणार नाही, हे मालकानं सकाळीच सांगून टाकावं. जोखमीच्या कोणत्याही आराखड्यात मी हे पहिल्या पानावर लिहीन.

*

शेजारच्या हिंगोलीत २०२४ च्या मार्चात आणि जुलैत ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. उमरखेड-पुसदकडची मातीची जुनी घरं पाहून घ्यावीत. पावसात भिजलेली भिंत धक्क्याविनाही बसते.

*

१ मेची ग्रामसभा पावसाच्या तोंडावरच येते. त्या दिवशी फळ्यावर शिवार काढावं आणि लोकांनाच नाले दाखवू द्यावेत: शाळेची पोरं कुठून उतरतात, दूधवाला पहाटे कुठून येतो, रात्रीची एसटी कोणत्या पुलावरून जाते. पुलावर पाणी आलं की रस्ता अडवणारे दोघे नावानिशी ठरवावेत, रात्रीचे वेगळे. नाल्याचा पलीकडचा काठ बहुतेकदा दुसऱ्या ग्रामपंचायतीचा, कधी दुसऱ्या तालुक्याचा असतो. तिथल्या दोघांचे नंबरही याच सभेत घ्यावेत, कारण गाडी कोणत्या बाजूनं येईल ते सांगता येत नाही.