मुंबईच्या पोटातले रान

आपल्याकडचे माणूस मुंबईला हौसेने क्वचितच जाते. कोणाचा भाजीचा ट्रक वाशीच्या मार्केटला, कोणाचे दुखणे परळच्या दवाखान्यात, कोणाच्या भाच्याचे लग्न डोंबिवलीला. काम उरकून एखादा दिवस हाताशी उरलाच, तर पाहुणे सिद्धिविनायकाला नेतात, चौपाटीवर भेळ खाऊ घालतात आणि संध्याकाळच्या एस.टी.त बसवून देतात. माझेही आजवर तसेच होत आले. पण मागच्या हिवाळ्यात लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी दोन महिने बोरिवलीला राहणे झाले. रविवारी जावईबापू घरी असत, तेव्हा मी मोठ्या नातवाला घेऊन बाहेर पडे. शेजारच्या मालवणच्या काकू सोबतीला. त्या दोन महिन्यांत मी जी मुंबई पाहिली, ती तुम्हाला कोणी दाखवणार नाही, म्हणून सांगते.

बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेला उतरा आणि हमरस्त्याच्या पलीकडे जा. तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. सोमवारी ते बंद असते, एवढे ध्यानात ठेवा. 'उद्यान' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झोपाळे आणि घसरगुंडी येईल. फाटकाजवळ पोरांसाठी तसलेही काही आहे. पण त्यामागे खरे रान पसरले आहे, पार ठाण्यापर्यंत, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. आपल्या हिशेबात सांगायचे तर पंचवीस हजार एकरांच्या वर! साग, ऐन, हेद, कदंब, पळस, पांगारा. उतारांवर कारवी, जी आठ वर्षांनी एकदाच फुलते. ती २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. मला फूल दिसले नाही, नुसत्या वाळक्या काड्या दिसल्या. पण कुडाच्या भिंतीला लागणारी कारवी मुंबईत उभी असलेली पाहूनच मला माहेर आठवले.

मी तिथे नुसती झाडे पाहायला गेले नव्हते. आम्ही जुन्नर तालुक्यातले. आमच्याकडे बिबट्या रानात राहत नाही, उसात राहतो. वर्ष-दीड वर्ष ऊस दाट उभा असतो, त्यातच मादी विते, आणि तोडणीला कोयता चालू लागला की सरीत बछडे सापडतात. त्या आधीच्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यातून कालवड गेली. पंचनामा झाला, भरपाईही आली. वेळेवर आली असे मात्र मी म्हणणार नाही. तालुक्यात माणसेही गेली आहेत, लहान लेकरे गेली आहेत. तेव्हा या शहराच्या मधोमध, मोजणीत पन्नासच्या आसपास भरलेले बिबटे आहेत आणि भिंतीला भिंत लावून लाखो माणसे राहतात, हे ऐकल्यावर मला एकच विचारायचे होते : तुम्ही झोपता कसे?

पण आधी कान्हेरी. फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. आमच्या जुन्नरभोवतीही लेणी आहेत, लेण्याद्रीच्या पायऱ्या तर तुमच्यापैकी पुष्कळांनी चढल्या असतील. त्यामुळे कोरीव खांबांचे मला फारसे नवल वाटले नाही. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतल्या उंचच उंच बुद्धमूर्तीपुढे हात जोडले आणि पुढे गेले. नवल वाटले ते पाण्याचे. बहुतेक लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेले पोढे, म्हणजे पाण्याचे टाके. वरच्या उतारावर बोटा-दोन बोटांच्या पन्हळी खोदून पावसाचा थेंबन् थेंब त्यात उतरवलेला. दोन हजार वर्षांपूर्वी काम सुरू झाले आणि मी गेले तेव्हा, पौषात, टाक्यांत पाणी होते! प्लॅस्टिकचा कागद नाही, सिमेंट नाही. आमचे शेततळे तिसऱ्या वर्षी गळायला लागले, ते आठवून मी तिथे बराच वेळ उभी राहिले. नातू माकडांना हाका मारीत होता. हे लेण्यांचे दान देणारे कोण, तर कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी; नावे दगडावर कोरलेली आहेत. घाटावरचा माल आमच्याच नाणेघाटाने उतरून कल्याणला जाई. म्हणजे त्या डोंगराला आपल्याकडच्या पैशाचाही हात लागला असणार, असे मी काकूंना ऐकवले. त्यांना काही ते फारसे पटले नाही.

हे रान टिकले तेही पाण्यापायीच. इंग्रजांनी १८६० साली विहार तलाव पुरा केला आणि १८७९ साली तुळशी. तलावाच्या माथ्यावरची झाडी तोडली तर तलाव गाळाने भरेल, हे त्यांना कळत होते, म्हणून पाणलोटाला कोणी हात लावला नाही. आज या दोन तलावांचे पाणी मुंबईच्या घोटालाही पुरत नाही. मुख्य पाणी येते भातसा, तानसा, वैतरणेचे, शहापूरकडचे. तिथल्या कितीतरी पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. बोरिवलीत नळ सोडताना मला ते दर वेळी आठवे.

विहार आणि पवईच्या तलावांचे पाणी जिकडे वाहते तिला मिठी नदी म्हणतात. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा जिने मुंबई बुडवली, तीच. ही नदी माहीमच्या खाडीला मिळण्याआधी धारावीच्या कडेला एक बाग लागते, महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एके काळी शहराचा उकिरडा होता तो. सदतीस एकर! त्यावर माती टाकली, झाडे लावली, आणि १९९४ साली ते लोकांना खुले झाले. आज आत शिरल्यावर ऊन लागत नाही. उकिरड्याचे सोने होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी जमत असेल तर ते पाहून या. वाशीला माल घेऊन जाणाऱ्या मंडळींना याहून सोपे आहे. ठाण्याच्या खाडीवर नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी उतरतात, चिखलात गुलाबी थवेच्या थवे. २०१५ साली त्या खाडीला अभयारण्य केले. ट्रक रिकामा होईस्तोवर ऐरोलीपर्यंत जाऊन येता येते.

आता बिबट्याचे. रानात वारली लोकांचे पाडे आहेत, उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. रस्त्याच्या कडेला एक मावशी बोरे आणि आवळे घेऊन बसली होती. मी तिच्याकडून पावशेर बोरे घेतली आणि विचारले, "बिबट्याचं भ्या नाही वाटत?"

"भ्या कशाचं? तो त्याच्या वाटेनं जातो," ती म्हणाली. "आमी पोरास्नी तिन्हीसांजेला भायेर धाडत नाय. बॅटरी घेतो, बोलत बोलत चालतो. वाघोबाला पुजतो." मग जरा थांबून म्हणाली, "कचरा नाय टाकत दारात. कचऱ्यामागं कुत्रा येतो, कुत्र्यामागं तो."

शिकलेल्या माणसांना एवढेच समजायला फार मोठी किंमत द्यावी लागली. २००४ साली या रानाच्या कडेने बिबट्यांनी माणसांचे बळी घेण्याचा कहर झाला. त्यात पुष्कळ लहान मुले होती, रात्री उघड्यावर परसाकडेला गेलेली. दिसला बिबट्या की लाव पिंजरा आणि ने दूर, हाच तोवर उपाय होता. आमच्या जुन्नर भागात २००१ पासून असे शंभरावर बिबटे पकडून दूर सोडले गेले. विद्या अत्रेय या बाईंनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की हल्ले कमी न होता वाढले. परक्या मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परतीची वाट शोधते, आणि इकडे रिकामी जागा दुसरा बिबट्या धरतो. २०११ पासून बोरिवलीत वनखात्याने आणि लोकांनी मिळून दुसरी रीत धरली : कचरा उचला, दिवे लावा, संडास बांधा, बिबट्या नुसता दिसला म्हणून गर्दी करू नका. हल्ले खूप कमी झाले. अजिबात थांबले मात्र नाहीत.

मुंबईचे सगळे आपल्याला लागू पडेल असे मला वाटत नाही. तिथे रान रानाच्या जागी आहे, माणूस चाळीत. आपल्याकडे बिबट्याचे घर तेच आपले शेत. शिवाय शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच येते. बारे द्यायला माणूस उसात रात्रीच उतरणार. 'तिन्हीसांजेनंतर बाहेर पडू नका' हे सांगणाऱ्याने आधी दिवसाची वीज द्यावी, मग सांगावे.

तरी परत आल्यावर आम्ही काही केले. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी मारली, वर पत्रा होताच. घराच्या भिंतीला लागून ऊस होता, तो तुटल्यावर तेवढ्या पट्ट्यात खोडवा ठेवू नका म्हणून मी हट्ट धरला. "चार गुंठे जातील," हे म्हणाले. जाऊ देत म्हटले. तिथे आता लसूणघास आहे. बुटका असतो, पलीकडचे दिसते, आणि म्हशीला हिरवे मिळते. उरला तो ओढ्याकाठचा ढीग. गावातल्या पोल्ट्रीवाल्यांच्या मेलेल्या कोंबड्या तिथे पडतात, त्यावर वीस-पंचवीस कुत्री पोसली जातात. खड्डा काढून, चुना टाकून पुरा, असे मी ग्रामसभेत उठून सांगितले. पोल्ट्रीवाले म्हणाले, खड्ड्याला जागा कोण देणार? आमच्या बांधालगतचा एक कोपरा देते म्हणून मी सांगून टाकले आहे. यांना ते अजून मान्य नाही.