गाडीचे पूर्वायुष्य

बैल विकत घेताना जाणता शेतकरी त्याच्या अंगावरची झूल पाहत नाही. तो आधी दात पाहतो, खूर उचलून बघतो आणि मग मानेवरून हात फिरवतो. जू घासून पडलेला घट्टा हाताला लागला, की त्या जनावराने किती ओढले आहे याचा अंदाज त्याला येतो. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात; परंतु ती सवलत दानापुरतीच आहे. रोख पैसे मोजून घ्यावयाच्या वस्तूला ती लागू नाही.

दिल्लीच्या करोल बागेत जुन्या मोटारींचा मोठा बाजार आहे. तेथे ही परीक्षा बैलबाजारापेक्षा अवघड होऊन बसते. गाड्या ओळीने उभ्या असतात, सगळ्या घासूनपुसून लखलखीत केलेल्या. त्यांत एखादी ठेंगणी, रुंद चाकांची स्पोर्ट्स कार असते. नोकरीनिमित्त नोएडा किंवा गुरुग्राम येथे स्थिरावलेल्या एखाद्या मराठी तरुणाची पावले तिच्यापाशी थबकतात. नवी गाडी त्याच्या आवाक्याबाहेरची असते. ही मात्र काही वर्षांच्या शिलकीत आणि थोड्या कर्जात बसण्याजोगी वाटते. विक्रेता बोनेटवर हात ठेवून सांगतो, "साहेब, कंपनीतून आली तशीच आहे." या एका वाक्यावर त्या तरुणाची सगळी शिल्लक आणि गाडीत बसणाऱ्यांचा जीव अवलंबून असतो.

आधुनिक इंजिनाची शक्ती केवळ लोखंडात नसते. इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोने हवा किती दाबायची हे एक छोटा संगणक ठरवतो. त्यातील आज्ञावली बदलली, तर एकही सुटा भाग न बदलता टर्बो इंजिनाची शक्ती पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. या कामाला हौशी मंडळी रीमॅप म्हणतात. २००४ च्या सुमारास स्कोडा कंपनीची ऑक्टाव्हिया आरएस ही १५० अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल गाडी भारतात आली आणि रीमॅपची हौस येथे वाढू लागली. पुढे २०११ साली ग्रेटर नोएडाला बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट सुरू झाले. फॉर्म्युला वनच्या शर्यती तेथे २०११ ते २०१३ अशा तीनच वर्षे झाल्या, परंतु खाजगी गाड्या धावपट्टीवर नेण्याची संधी काही खास दिवशी हौशी चालकांना मिळत राहिली. २०१२ साली आग्र्याकडे जाणारा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग खुला झाला. वेगाची हौस करणाऱ्याला राजधानीच्या परिसरात मोकळी वाट मिळाली, मग ती कायदेशीर असो वा नसो.

बदल केलेली गाडी वाईटच असते, असे मात्र नाही. ज्याने शक्ती वाढवताना ब्रेक आणि क्लचही सुधारून घेतले, तेल वेळेआधी बदलले आणि प्रत्येक पावती जपून ठेवली, त्याची गाडी एखाद्या निष्काळजी मालकाच्या मूळ स्थितीतील गाडीहून उजवी ठरू शकते. तो सगळे सांगून गाडी विकतो. खरी अडचण असते ती बदल करून, वापरून आणि मग पुसून टाकलेल्या गाडीची. विकण्यापूर्वी महागडे सुटे भाग काढून घेतले जातात, कारण ते वेगळे विकले तर त्यांचे वेगळे पैसे येतात. मूळ भाग जपून ठेवलेले असले तर ते पुन्हा बसतात. नसतील तर काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारातून किंवा मायापुरीच्या भंगारातून आणले जातात. जुनी आज्ञावली संगणकात परत भरली जाते. गाडी पुन्हा 'कंपनीसारखी' होते. मात्र पिस्टनने, गिअरच्या दात्यांनी, क्लचच्या तबकडीने जो जादा भार सोसला, तो परत घेता येत नाही. जू उतरले तरी घट्टा राहतोच.

तो घट्टा शोधायचा कसा? अनुभवी मेकॅनिक प्रथम इंजिन चालूच करीत नाही. तो बोल्ट पाहतो. कारखान्यात घट्ट केलेल्या अनेक बोल्टांवर रंगाची एक बारीक रेघ ओढलेली असते. पाना लागला की ती रेघ तुटते आणि बोल्टच्या कडांवरचा मुलामा खरवडला जातो. सर्व्हिसिंगमध्ये ज्या बोल्टांना हात लावण्याचे कारणच नसते, अशा टर्बोजवळच्या किंवा सस्पेन्शनच्या बोल्टांवर हे ओरखडे दिसले, तर ते कशासाठी उघडले होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. हवेच्या नळ्यांवर कारखाना बहुधा स्प्रिंगच्या पट्ट्या बसवतो. त्या जागी बाजारात मिळणाऱ्या स्क्रूच्या पट्ट्या असतील, तर नळी केव्हातरी निघाली होती एवढे निश्चित. डॅशबोर्डच्या आतून जाणाऱ्या तारांवर मध्येच चिकटपट्टी गुंडाळलेली असेल किंवा खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खांबावर बुजवलेले भोक असेल, तर तेथे एके काळी टर्बोचा दाब दाखवणारे मीटर होते असा तर्क करता येतो. स्पार्क प्लग कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाहून 'थंड' प्रकारचे निघाले, तर इंजिन अधिक तापत होते याची ती जवळजवळ कबुलीच असते.

दिल्लीची धूळही या कामी साक्ष देते. आठ वर्षे वापरलेल्या गाडीच्या पोटाखाली सगळीकडे सारखा धुळीचा आणि तेलकटपणाचा थर असतो. त्यात सायलेन्सरचा एकच तुकडा स्वच्छ असेल, किंवा जुन्या, गंजलेल्या कड्यांना नवी कोरी नळी टांगलेली असेल, तर तेथे अदलाबदल झाली आहे. म्हणूनच बाजारात इंजिन धुऊन, चमक आणणारा फवारा मारून गाडी दाखवतात. धुतलेले इंजिन म्हणजे पुसलेली पाटी. ती पाहून खूश होण्याचे काही कारण नाही.

संगणकाची साक्ष अधिक सूक्ष्म असते आणि तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. अधिकृत सेवाकेंद्रातील उपकरण लावले असता काही गाड्यांत आज्ञावली किती वेळा नव्याने भरली गेली याचा आकडा मिळतो. तो आकडा कंपनीच्या नोंदीशी जुळला नाही, तर शंका घ्यावी. परंतु हा आकडा लपवणारी साधनेही असतात. त्यापेक्षा एक साधी खूण उपयोगी पडते. दोषांच्या नोंदी नुकत्याच पुसल्या असतील, तर संगणकाच्या स्वतःच्या काही चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. बॅटरी काढल्यानेही कधी कधी असे होते, हे खरे. मग गाडी काही दिवस रोजच्यासारखी चालवून पुन्हा तपासायला द्या, असे सांगावे. या मागणीवर विक्रेता काय म्हणतो, तेही ऐकण्यासारखे असते.

आज्ञावली किती बेमालूम खोटे बोलू शकते, हे जगाने २०१५ साली पाहिले. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांमधील आज्ञावली प्रयोगशाळेतील चाचणी ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवत असे. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती होती. हा प्रकार उघडकीला येण्याची सुरुवात झाली ती अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांमुळे. त्यांनी गाडी प्रयोगशाळेत न ठेवता रस्त्यावर चालवून धूर मोजला, एवढेच.

जुन्या गाडीचेही तसेच आहे. ती रस्त्यावर न्यावी लागते. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे भराभर वाढले आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. दुसरा गिअर टाकताना करकर ऐकू आली, तर तो घाईने आणि जोराने टाकला गेला असावा. गाडी परत आल्यावर प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. सगळे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक जरी बराच खाली असला, तर तेथेच बोलणे थांबवावे.

कागदपत्रांची बाजू लोक हलकी समजतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा, म्हणजे निर्मात्याच्या मूळ रचनेहून वेगळा, बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचण निर्माण करतो, हे वेगळेच. दिल्लीची गाडी ना हरकत प्रमाणपत्र घेऊन पुण्याला किंवा नागपूरला गेली आणि तेथे नव्याने नोंदली गेली, की तिला नवा क्रमांक मिळतो आणि जुन्या गॅरेजशी असलेला धागा तुटतो. चासी क्रमांक मात्र तोच राहतो. त्या क्रमांकावरून अधिकृत सेवाकेंद्रात जुन्या नोंदी विचाराव्यात. मध्येच दोन वर्षे नोंदच नसेल, तर ती दोन वर्षे गाडी कोठे जात होती?

आणि येथेच दीडशे वर्षांपूर्वीचा एक घोडा मदतीला येतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये काही उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक असते, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. घेणारी व्यक्ती त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. परक्या ग्राहकाला हे नाते नसते. परंतु घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन," आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच ठरते. कलम १९ आणखी एक गोष्ट सांगते. फसवणूक केवळ मौनाने झाली असेल आणि साधी दक्षता घेऊन खरे शोधण्याची सोय ग्राहकाला असेल, तर त्याला करार रद्द करता येत नाही. पाहण्याचे काम कायदा ग्राहकावर सोपवतो, आणि विचारण्याचेही.

म्हणून जाणते ग्राहक पैसे देण्यापूर्वी एक कागद पुढे करतात. इंजिन, संगणक, सायलेन्सर आणि सस्पेन्शन यांत पूर्वी कोणताही बदल केलेला नव्हता, एवढाच त्यावर मजकूर असतो आणि खाली सहीसाठी जागा. काही विक्रेते तत्काळ सही करतात. काहींच्या हातातले पेन मात्र थोडा वेळ तसेच राहते आणि मग ते म्हणतात, "आधीच्या मालकाने सायलेन्सर तेवढा बदलला होता म्हणे." तेव्हा मेकॅनिकला पुन्हा गाडीखाली जावे लागते.