गुडघा बनवणाऱ्याला मांडी माहीत पाहिजे

१६ ऑगस्ट २०१७ ला केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. दीड लाखाच्या वर मिळणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. चांगलंच झालं. पण हा गुडघा कोणाच्या बसण्या-उठण्यासाठी बनतो, हे आपण विचारलंच नाही.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण मांडी घालणं आणि उकिडवं बसणं डॉक्टरांनी बंद केलं. मग पंगतीत कसं बसायचं? निंदण कसं करायचं?

सांध्यावर संशोधन करणारे इंजिनिअर तो यंत्रात ५० लाख पावलं चालवतात आणि आतलं प्लास्टिक किती झिजलं ते मोजतात. पण ही ठरलेली चाचणी सपाट जमिनीवर चालण्याची आहे, खाली बसण्याची नाही. गुडघा पूर्ण वाकला की सगळा भार लहानशा जागेवर येतो. म्हणून डॉक्टर नाही म्हणतात.

पुण्याच्या डॉ. के. एच. संचेतींनी आपल्या लोकांची हाडं आणि सवयी पाहून 'इंडस' गुडघा तयार केला. म्हणजे इथंही जमतं.

नागपुरात मेडिकल आहे, एम्स आहे. व्हीएनआयटीत मेकॅनिकल आहे, धातुशास्त्रही आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांनी आठवडाभर हाडांच्या ओपीडीत बसावं, वावरात राबणाऱ्या बायांना विचारावं. प्रोजेक्टचा विषय तिथंच सापडेल.

कोणी असं काम करत असेल तर कमेंटमध्ये सांगा. बातमी करायला मी येतो.