तिरोड्याहून थुंब्याकडे

नागपूरहून हावड्याच्या लोहमार्गाने निघाले की गोंदियाच्या अलीकडे तिरोडा हे गाव लागते. धानाची शेते, राइस मिली आणि ३३०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या. येथील मुलांना तारांगण पाहण्यास नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात जावे लागते.

पाहण्यापलीकडे, स्वतःच्या हातांनी करण्याची संधी इस्रोच्या ‘युविका’ने दिली. २०१९ पासूनचा हा सुमारे दोन आठवड्यांचा निवासी उपक्रम नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मुले प्रतिकृती अग्निबाण उडवितात, डब्याएवढा ‘कॅनसॅट’ हाताळतात. प्रवास व निवासाचा खर्च इस्रो करते. पंचायत क्षेत्रातील शाळांना निवडीत अधिक गुण मिळतात. तिरोड्याभोवतीच्या खेड्यांना हे लाभाचेच.

तरीही व्यापारी घर अडते ते सूर्यास्तापूर्वीच्या भोजनापाशी. ही अडचण क्षुल्लक नव्हे. अर्ज करतानाच केंद्राला विचारून घ्यावे. मात्र ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी अहमदाबादच्या जैन गिरणीमालकाचे पुत्र विक्रम साराभाई आठवावेत. त्यांच्याच प्रयत्नांतून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंब्याहून पहिला अग्निबाण झेपावला. तेथील केंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि युविकाची मुले तेथेही जातात.

निवडीत आठवीचे गुण धरले जातात. घरातील विचारविनिमय त्याआधीच व्हावा.